घाई मिक्सरला करा, कुकरला नको

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडक्यात देते.

‘ताई, मी नाशिकला राहते. नोकरीवरून घरी यायला साडेसहा होतात. मुलं 11 आणि 7 वर्षांची. दोघांना संध्याकाळी चिप्सबरोबर मेयोनीज लागतं, बाटली आठवडाभरात संपते. ते बंद व्हावं म्हणून मी राजम्याचं डिप करायचं ठरवलं. सकाळी राजमा दोन तास गरम पाण्यात भिजवला आणि वाढदिवसाला मिळालेल्या इलेक्ट्रिक स्लो कुकरमध्ये मंदवर लावून ऑफिसला गेले. संध्याकाळी दाणा चेपत होता, पण मध्ये किंचित करकरीत लागत होता. वेळ नव्हता, तसाच मिक्सरमधून काढला. चव बरी होती, पण रवाळ झालं. दोन तासांनी धाकट्याला उलट्या सुरू झाल्या, मोठ्याच्या पोटात कळा आल्या. पहाटेपर्यंत दोघं शांत झाले. सासूबाई म्हणाल्या, “आपल्यात नसतं हे, कशाला करायचं?” त्यांचं वय 68, मधुमेह आहे. धाकटा तर आता डिप म्हटलं तरी तोंड फिरवतो. माझं काय चुकलं? वीस मिनिटांत होणारं, पौष्टिक आणि सगळ्यांना चालेल असं डिप घरी जमेल का, की नाद सोडून देऊ?’

ताई म्हणून हाक मारलीस, म्हणून मीही ‘तू’च म्हणते.

नाद सोडू नकोस. पण डिपच्या कृतीआधी त्या रात्रीबद्दल बोलू, कारण तुझ्या स्वयंपाकघरात अजून अर्धा किलो राजमा शिल्लक असेल आणि तो स्लो कुकरही ओट्यावरच असेल.

राजम्यात, त्यातही लाल राजम्यात, एक लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन असतं. फायटोहिमॅग्लुटिनिन असं त्याचं लांबलचक नाव. ही त्या दाण्याची स्वतःच्या रक्षणासाठीची तजवीज. नीट उकळलं की ते निकामी होतं, अर्धवट शिजलं की पोटात गेल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब आणि कळा सुरू होतात. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा त्यासाठी पुरतात. बहुतेकांना काही तासांत बरं वाटतं. तू लिहिलेली वेळ आणि लक्षणं याच्याशी इतकी जुळतात की मला कारण हेच वाटतं.

आता स्लो कुकरचं. मंदवर ठेवलेल्या स्लो कुकरमध्ये आतलं तापमान बऱ्याचदा उकळीपर्यंत पोहोचतच नाही. 80 अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा तर कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. म्हणजे तू आठ-नऊ तास शिजवलास तरी तो तास मोजून सुरक्षित होत नाही, त्याला खळखळून उकळीच लागते. राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात घालून निदान दहा मिनिटं जोरात उकळायचा आणि मग पुढे मऊ होईपर्यंत शिजवायचा. मी तर अर्धा तास उकळी धरते. आपल्या घरातला प्रेशर कुकर या कामाला सगळ्यात चांगला, कारण त्यात तापमान 120 अंशांच्या जवळ जातं. भिजलेल्या राजम्याला एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून पंधरा ते वीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू दे. स्लो कुकर वाईट नाही, पण त्यात राजमा घालायचा तर आधी गॅसवर उकळून घेतलेलाच.

पुन्हा कधी असं झालं आणि मुलाच्या पोटात पाणी ठरेना, लघवी कमी झाली, तो मलूल पडला, तर पहाटेची वाट पाहू नकोस, लगेच डॉक्टरांकडे ने.

आणि स्वतःला दोष देत बसू नकोस. पाकिटावर ‘रात्रभर भिजवा’ एवढंच छापलेलं असतं, का ते कुणी लिहीत नाही. आपल्या आया-आज्या कडधान्य रात्री भिजत घालायच्या आणि सकाळी कुकरला लावायच्या, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासमोर फारसा आलाच नाही. उपकरण नवं आलं आणि त्याबरोबरची माहिती आली नाही.

तुझ्या दुसऱ्या तक्रारीचं, रवाळपणाचं, मूळही तेच. डिप गुळगुळीत होतं ते कुकरमध्ये. मिक्सर फक्त शेवटचा हात फिरवतो. दाणा आत कच्चा असेल तर दहा मिनिटं मिक्सर फिरवलास तरी वाळूसारखं लागणारच. शिजलेला दाणा जिभेने टाळूवर दाबून बघ. दातांची गरज न लागता विरघळला पाहिजे. भाजी-उसळीसाठी आपण दाणा अख्खा राहील असं बघतो, डिपसाठी त्याच्याही पुढे, फुटायला लागेपर्यंत शिजवायचं.

तरी शिजत नसेल तर दोन गोष्टी तपास. कडधान्य जुनं असेल तर ते हट्टाने टणक राहतं, वर्षभर डब्यात पडलेल्याकडून अपेक्षा ठेवू नकोस. दुसरं म्हणजे पाणी. बोअरिंगच्या जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, घट्ट करतं. पिण्याच्या गाळलेल्या पाण्यात शिजवून बघ, फरक जाणवेल. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर साल लवकर सुटते, पण त्याने बी-1 जीवनसत्त्व कमी होतं आणि सोडियम वाढतं, म्हणून मी तो अगदीच नाइलाज असेल तर वापरते. लिंबू, चिंच, टोमॅटो, कोकम यातलं काहीही शिजण्याआधी घालायचं नाही. आंबटाने दाणा मऊ व्हायचा थांबतो.

आता तुझी वीस मिनिटं. राजमा काही दिवस बाजूला ठेव आणि पांढरी चवळी घे. साल पातळ, चव सौम्य, आत पीठूळ, चार तासांत भिजते आणि तीन शिट्ट्यांत मऊ होते. भिजवायचं विसरलीस तरी सहा-सात शिट्ट्या आणि वर दहा मिनिटं मंद आच दिली की काम होतं. राजम्याइतकी धास्ती तिच्यात नाही, पण पूर्ण शिजवायची हा नियम तिलाही.

हे काम आठवड्याच्या संध्याकाळी करूच नकोस. शनिवारी रात्री अर्धा किलो चवळी भिजत घाल. नाशिकला मार्च-एप्रिलमध्ये भिजवलेलं सकाळपर्यंत फसफसतं, तेव्हा पातेलं फ्रिजमध्ये ठेव. रविवारी सकाळी पाणी बदलून कुकरला लाव, गार झाल्यावर थोड्या पाण्यासकट एकेका डिपपुरती, म्हणजे अडीच वाट्या एका डब्यात, अशी भरून फ्रीझरमध्ये टाक. दोन महिने आरामात राहते. घरी आल्यावर डबा पातेल्यात उलटा कर, पाच मिनिटं उकळ, आणि गरम असतानाच वाट. गार झालेली चवळी वाटली तर गुठळ्या होतात आणि छोट्या भांड्याचं पातं नुसतं आवाज करत बसतं.

बाकीचं साहित्य तुझ्या डब्यांमध्ये आहेच. दोन मोठे चमचे पांढरे तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाज आणि गार झाल्यावर आधी एकटेच वाट. तेल सुटायला लागेपर्यंत, कडेचं खाली ओढत. परदेशी दुकानातली महागडी ताहिनी म्हणजे वाटलेले तीळच. त्यात लसणाची एक लहान पाकळी, अर्ध्या लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ घालून फिरव आणि पाच मिनिटं तसंच राहू दे. लसूण लिंबाच्या रसात वाटला की त्याचा उग्रपणा पुष्कळ उतरतो, मुलांना तो नाकात जात नाही. मग अडीच वाट्या गरम चवळी घाल. एवढी चवळी साधारण एका वाटीची, म्हणजे 120 ग्रॅम कोरड्या दाण्यांची होते. शिजवलेलं पाणी दोन-दोन चमचे घालत वाट. थांबायचं कुठे? तुला हवं त्यापेक्षा थोडं सैल झालं की. गार होताना त्यातला स्टार्च घट्ट होतो. मिक्सरमध्ये बरोबर वाटलेलं डिप तासाभराने लापशीचा गोळा होऊन बसतं आणि मग लोकांना वाटतं आपली कृतीच चुकली.

वरून फोडणी. एक चमचा शेंगदाण्याचं तेल, जिरं, हिंग, कढीपत्ता, अर्धी सुकी मिरची. ही फोडणी तुझ्या सासूबाईंकडून घालून घे. मी हे त्यांना खूश करायला म्हणत नाही. चवळीची चव सपक असते आणि नुसत्या लिंबू-तिळाने ती आपल्या जिभेला ओळखीची होत नाही. हिंग-जिऱ्याने होते. कुणाच्या हाताला फोडणी किती करपू द्यायची हे चाळीस-पन्नास वर्षांनी कळलेलं असतं, त्याचा उपयोग करून घे.

‘आपल्यात नसतं’ असं त्या म्हणाल्या, त्यावर त्यांच्याशी वाद नको, पण चैत्रातल्या हळदीकुंकवाची आठवण काढ. आंबेडाळ म्हणजे काय? भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून, तिच्यात कैरी किसून, वर हिंग-मोहरीची फोडणी. अनंत चतुर्दशीला गणपतीला निरोप देताना कित्येक घरांत वाटली डाळ असते. डाळ वाटायची, आंबट घालायचं, फोडणी द्यायची, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पश्चिम आशियात हेच शिजवलेल्या छोल्यांवर तीळ आणि लिंबू घालून करतात, त्याला हमस म्हणतात, आणि या शब्दाचा अरबीत अर्थच मुळी हरभरा. राजमा मात्र मूळचा अमेरिका खंडातला, आणि चवळी आफ्रिकेतून आलेली. आपल्या उसळीत ती इतकी मुरली की तिला कुणी परकी म्हणत नाही.

सासूबाईंना खरंच सामील करून घ्यायचं असेल तर एखाद्या रविवारी वालाच्या डाळिंब्यांचं डिप करा. माझं सगळ्यात आवडतं हेच. झटपट मुळीच नाही. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचा. पण साल गेली की उरतो तो दाणा इतका लोण्यासारखा शिजतो की त्याच्यापुढे कुठलंही कडधान्य खरखरीत वाटावं. झाकणावर पाणी ठेवून दहा-बारा मिनिटं मऊ शिजव, मग ओलं खोबरं, जिरं, अर्धी हिरवी मिरची आणि चमचाभर कोकमाचं आगळ घालून वाट. कडव्या वालांना मागे एक हलकी कडू चव राहते. मोठ्यांना ती हवीशी वाटते, मुलांसाठी गोडे वाल किंवा पावटे घे. मोड आले म्हणून कच्चे खायचे नाहीत, हे मुलांनाही सांगून ठेव. सोलताना एखादा तोंडात टाकायचा मोह त्यांना होतोच.

दुकानातल्या मेयोनीजशी तुलना करायची तर अस्सल मेयोनीजमध्ये वजनाच्या 70 टक्क्यांच्या आसपास नुसतं तेल असतं. 15 ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात 10 ग्रॅमच्या जवळपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत 2000 कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून 27 ग्रॅम सांगितलं आहे, म्हणजे तीन चमचे मेयोनीज खाल्लं की फोडणीलासुद्धा तेल उरत नाही. अंड्याशिवायच्या प्रकारात तेल कमी असू शकतं, पण मग घट्टपणासाठी स्टार्च, चवीसाठी साखर आणि मीठ येतं. पाकिटाच्या मागे वाच. उलट शिजलेल्या 100 ग्रॅम चवळीत साधारण 7 ते 8 ग्रॅम प्रथिनं आणि 6 ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाला 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत. सकाळच्या पातळ वरणात ती भरत नाहीत. संध्याकाळच्या या वाटीने मोठी तूट भरून निघते.

सासूबाईंच्या मधुमेहाला कडधान्य सोयीचं आहे, त्यातली साखर रक्तात हळू उतरते. पण डिपबरोबर काय खातो यावर सगळं ठरतं. तळलेले चिप्स तसेच राहिले तर उपयोग निम्म्यावर येतो. काकडी, गाजर, सिमला मिरचीच्या उभ्या कापा दे. आणि आदल्या दिवशीची ज्वारीची भाकरी असेल तर तिचे त्रिकोणी तुकडे करून कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर, उलटत-पालटत कडकडीत होऊ दे. पंधरा मिनिटं लागतात, तोपर्यंत तुझं वाटण होतं. मुलांच्या दाताखाली जो कुडुमकुडुम आवाज हवा असतो तो यातून मिळतो. चिप्समध्ये त्यांना बऱ्याचदा तोच आवडतो, असं मला कित्येक मुलांना खाऊ घालून वाटतं. सासूबाईंना भाकरी मोजून दे, त्यांच्या जेवणातून तेवढी वजा कर. त्यांच्या मूत्रपिंडाचा काही त्रास निघाला असेल आणि डॉक्टरांनी प्रथिनं किंवा पोटॅशियम मोजून दिलं असेल, तर वाटी किती भरायची ते डॉक्टरांनाच विचारा.

मीठ कमीच ठेव. दिवसाला सगळं मिळून माणशी 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, ही मर्यादा आहे. लिंबू थोडं वाढवलं की कमी मीठ खटकत नाही. खाकरा किंवा भाजलेला पापड बरोबर दिलास तर त्यातलं मीठही हिशेबात धर.

गॅसेसची भीती सासूबाईंनी बोलून दाखवली नसली तरी मनात असेल. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या आपल्याला पचत नाहीत, आतड्यातले जिवाणू त्या खातात आणि वायू तयार होतो. भिजवलेलं पाणी ओतून दिलं की त्यातल्या काही निघून जातात. पोट नाजूक असेल तर सुरुवातीला शिजवलेलं पाणीही न वापरता साध्या गरम पाण्यात वाट. पहिल्या आठवड्यात मोठ्यांना दोनच चमचे, मग हळूहळू वाढव. पोटाला सवय होते.

टिकण्याबद्दल थोडं. बंद डब्यात, फ्रिजमध्ये तीन दिवस, फार तर चार. उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नकोस. शाळेच्या डब्यात वाटीभर डिप देऊ नकोस, त्याऐवजी पोळीला घट्ट थर लावून, गाजर किसून गुंडाळी दे, तीही पहिल्या सुट्टीत संपेल अशी. लसूण तेलात घालून बाहेर ठेवायची काही घरांत पद्धत आहे, ती डिपच्या नादाने सुरू करू नकोस. कच्चा लसूण तेलात बुडवून साध्या तापमानाला ठेवला की त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. डब्यातले तयार शिजवलेले छोले-राजमा मिळतात, ते पूर्ण शिजलेले असतात, अडीअडचणीला चालतील. फक्त चाळणीत ओतून धुऊन घे, बरंचसं मीठ निघून जातं. रोजच्यासाठी मला ते महाग वाटतात.

उरलेल्या राजम्याचं काय? टाकू नकोस. महिनाभराने, वर सांगितल्याप्रमाणे रात्रभर भिजवून, कुकरमध्ये पूर्ण शिजवून त्याची नेहमीची रस्साभाजी कर.

धाकट्याचं मला सगळ्यात जास्त वाटतं. सात वर्षांच्या मुलाने उलट्या ज्या पदार्थाला जोडल्या, तो पदार्थ त्याला काही काळ नकोच वाटणार, त्याला हट्टी म्हणू नकोस. डिप हा शब्दच घरात वापरू नका. चवळीची चटणी म्हणा. रंगही राजम्याचा तपकिरी नाही, पांढरट आहे, ते बरंच आहे. त्याला तीळ भाजायच्या वेळी शेजारी स्टुलावर बसव, तडतड सुरू झाली की सांग म्हणावं. वालाच्या डाळिंब्या आजीबरोबर सोलायला बसव. बोटांतून दाणा सुळकन निसटतो, मुलांना त्याची फार गंमत वाटते. त्याच्या ताटात मात्र वाढू नकोस आणि ‘एकच घास’ असंही म्हणू नकोस. वाटी मध्ये ठेव, भाकरीचे तुकडे त्याच्या हाताला येतील असे ठेव, आणि तुम्ही बाकीचे खा.